कुणी न टाकलेलं जाळं

उतरायचं होतं अंधेरीला. डोळे उघडले तेव्हा बस बोरिवलीत उभी होती आणि क्लीनर माझा खांदा हलवत सांगत होता, "मावशी, उठा, लास्ट स्टॉप!"

सांगलीहून रात्रभर बसून आल्यावर एवढी झोप लागणारच. पण माझी मैत्रीण जयश्री फोनवर असं काही हसली, की शेजारचे प्रवासी माझ्याकडे बघू लागले. "तू आणि तुझी वाट! समुद्रातसुद्धा तू अशीच गेली होतीस," ती म्हणाली.

ते खरं होतं. आमची ओळखच तशी झाली. तरुणपणी समुद्रातल्या एका पोहण्याच्या स्पर्धेत मी उतरले होते. कृष्णेत वाढलेली मी, भर पुरात पैलतीर गाठणारी, पण लाटांनी मला पार भलतीकडे नेलं आणि मी उलट्या करत, शेवटून दुसरी, किनाऱ्याला लागले. पहिली आलेली मुलगी टॉवेल घेऊन माझ्याजवळ आली. ती जयश्री, खारदांड्याची कोळीण. तेव्हापासून आमची मैत्री. मी सांगलीत बायकांना पोहायला शिकवते, ती दांड्याला मासळी विकते. "ये गो एकदा, खरा दर्या दाखवते," असं ती दरवर्षी म्हणायची. यंदा थंडी सरता सरता मी खरंच निघाले.

चुकून का होईना, बोरिवलीला उतरले होते आणि राष्ट्रीय उद्यान समोरच होतं. पिशवी खांद्याला लावली आणि तिकीट काढून आत शिरले. हमरस्त्यावरचे भोंगे मागे पडले, झाडीतून कोवळं ऊन येऊ लागलं. एका वळणावर नदी दिसली. पावसाळ्यानंतर बारीक झालेली, दगडांवरून सावकाश वाहणारी, तळ दिसेल इतकी नितळ. मी चपला काढून पाय बुडवले. गार पाण्यानं प्रवासाचा शीण एकदम उतरला.

पलीकडच्या खडकावर एक वानर बसलं होतं. त्याच्या हातात वेफर्सचं पाकीट होतं. ते त्यानं माणसासारखं दोन्ही बाजूंनी ओढून फोडलं, खाल्लं, आणि पाकीट पाण्यात सोडून दिलं. सकाळच्या फेरीला आलेले एक गृहस्थ माझ्याशेजारी थांबले होते.

"आपल्याकडूनच शिकलंय," ते म्हणाले.

"नदीचं नाव काय हो?"

"दहिसर नदी. इथे बघताय ना, तेवढीच बघा. गेटच्या बाहेर जाऊन बघू नका, मूड जाईल."

असं सांगितल्यावर कोण थांबतं? बाहेर येऊन मी विचारत विचारत एका पुलावर गेले. तीच नदी सिमेंटच्या दोन भिंतींमधून राखाडी होऊन चालली होती. पाण्यावर फेस होता आणि कडेला पिशव्यांचा थर साचला होता. आत जंगलात जिच्यात मी आनंदानं पाय बुडवले होते, तिच्यावर नाकाला रुमाल लावून उभी राहिले. मधलं अंतर म्हणाल तर रमतगमत चालण्याइतकं. वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त आश्चर्य वाटलं. इतक्या थोड्या वाटेत आपण नदीचं एवढं काही करू शकतो!

पुढचा प्रवास रिक्षानं केला. चालवणारे काका मूळचे मालवणकडचे, मुक्काम दिंडोशीला. वडील गिरणीत होते, हे त्यांनी पहिल्या सिग्नलला सांगितलं. गोरेगाव जवळ आलं तसं त्यांनी अंगठ्यानं डावीकडे दाखवलं.

"हय पूर्वी डोंगर दिसायचो. आता बिल्डिंगी दिसतत."

आणि कसल्या इमारती! मान वर करून टोक दिसत नव्हतं. कित्येक अजून अर्धवट, वरपासून खालपर्यंत हिरव्या जाळीत गुंडाळलेल्या. बांधकामाची धूळ आणि दगडविटा खाली पडू नयेत म्हणून लावतात ती ही जाळी. वाऱ्यानं ती फुगत होती, काही ठिकाणी फाटून लांब पट्ट्या हवेत उडत होत्या. मला ते दृश्य चक्क आवडलं. फोन काढून मी फोटोही घेतला.

खारदांड्याच्या गल्लीत रिक्षा शिरेना, म्हणून तोंडाशीच उतरले. पुढे नाक सोबतीला होतं. वलांडीवर (बोंबील वाळत घालायला बांधलेल्या बांबूच्या मांडवावर) बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगले होते, खाली मांजरी आशेनं बसल्या होत्या. जयश्री दारातच उभी होती. केस पिकलेत, खांदे मात्र तसेच रुंद.

"काय गो, बोरिवलीचं पाणी चाखून आलीस?"

जेवणात तांदळाची भाकरी, ताजे तळलेले बोंबील आणि मांदेलीचं कालवण होतं. मी सांगलीची, तिखटाला घाबरत नाही, पण त्या कालवणानं माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. जयश्रीचे पती किसनभाऊ हे नाखवा, म्हणजे होडीचे मालक. बोलायला कमी, वाढायला पुढे.

"हे बोंबील दांड्याचेच ना?" मी विचारलं.

"आज दांड्याचे. परवा ससून डॉकच्या बाजारातनं विकत आणलेले," ते म्हणाले. "कवा मिळतात, कवा नाय."

जयश्रीनं मग सांगितलं, तिची आई ओहोटीला समोरच्या खडकांवर जाऊन कालवं (शिंपल्यातला एक जीव) फोडून आणायची. दोन घरांची कालवणं व्हायची. आता खडक तिथेच आहेत, पण त्यांवर काळा चिखल बसलाय. "नाल्यातनं येतं ते सगळं तिथंच थांबतं. कालव जगणार कुठं?" हे ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती. दुपारी बाजाराला काय न्यायचं हे सांगावं, तसं सांगत होती.

मला होडीतून जायचं होतं. किसनभाऊ डोकं खाजवू लागले. दांड्याच्या बायका मासे विकतात, सुकवतात, अख्खा व्यवहार त्यांच्या हातात, पण जाळं ओढायला पुरुषच जातात.

"ताईंचं ठीक हाय, पावण्या हायत," ते म्हणाले.

"मग मी पण येते," जयश्री म्हणाली. "एवढी वर्षं मासे विकले. कुठनं येतात ते बघूदे तरी."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही निघालो. किसनभाऊ, त्यांचा धाकटा भाऊ हरेश आणि आम्ही दोघी. समुद्र शांत होता, गार वारा सुटला होता. मागे वळून पाहिलं तर किनाऱ्याच्या मागे उपनगराची उंच रांग उभी, आणि तिच्या पायाशी कोळीवाड्याची छपरं एखाद्या पातळ रेघेसारखी. होडीत बसल्यावर जयश्री शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी बडबडत होती. मला मात्र बोट लागू लागली होती. हरेशनं न विचारता लिंबू हातात दिलं.

आदल्या दिवशी लावलेलं डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, दोघा भावांनी ओढायला घेतलं. दोर ओला, जाळं जड. जयश्रीनं पदर खोचला आणि तिसरा हात लावला, मग मीही लावला. एवढं वजन, म्हणजे केवढी मासळी असेल, असं माझ्या मनात आलं. जाळं होडीत उलटं झालं आणि मी बघतच राहिले. दुधाच्या पिशव्या, औषधांची रिकामी पाकिटं, एक चप्पल, केसांचा चाप, शाम्पूच्या पुड्या, आणि त्या सगळ्यात अडकलेले, चमकणारे मांदेली, करंदी आणि मूठभर बोंबील.

सगळे खाली बसून निवडायला लागलो. तांदळातले खडे काढावेत तसं हे काम, फक्त इथे खडे जास्त आणि तांदूळ कमी. मासे टोपलीत, कचरा गोणीत.

"रोजच असं असतं?" मी विचारलं.

"पावसाळ्यानंतर याहून वाईट," हरेश म्हणाला. "पूर्वी आम्ही परत दर्यात टाकायचो. मग समजलं, यार, आपलंच जाळं आपणच भरतोय. आता गोणीतनं घरी नेतो."

परतीला निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. किनारा स्पष्ट दिसू लागला होता, दांड्याच्या खडकांवर फुटणारा फेसही दिसत होता. तेवढ्यात होडीच्या बुडाखालून घरघर आली, इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं.

"पंख्यात गेलं काहीतरी," किसनभाऊ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण ते झटकन उठले. नांगर टाकला. दोर ताणला, सैल पडला, पुन्हा ताणला. खाली खडक होता, नांगर धरेना. वारा आणि पाणी मिळून होडीला हळूहळू खडकांकडे नेत होते. घाई नव्हती त्या सरकण्यात, म्हणूनच ते बघवत नव्हतं.

हरेशनं कमरेला दोर बांधला, सुरी दातांत धरली आणि उतरला. वर आला तेव्हा म्हणाला, "वाट लागलीय. ताडपत्री नाय, कसलीतरी जाळी हाय. गच्च बसलीय." पुन्हा गेला. पुन्हा आला, तेव्हा त्याच्या तळव्यातून रक्त येत होतं. पंख्याच्या पात्यानं कापलं होतं.

किसनभाऊ शर्ट काढू लागले तशी जयश्रीनं त्यांचा हात धरला. "खांद्याचं ऑपरेशन झालंय तुमचं. वर होडी कोण सांभाळणार?" आणि ती माझ्याकडे वळली.

"मी जाते," मी म्हणाले. "गढूळ पाण्यात हातानं चाचपून काम करायची सवय आहे मला. सांगलीत पुरात अडकलेलं सोडवताना हेच करतो आम्ही."

"मी पण उतरते," जयश्री म्हणाली. "तू खाली जा, मी तुझा दोर धरून पाण्यात राहते. लाट कवा येते ते मला कळतं, तुला नाय कळत."

ती बरोबर बोलत होती. नदी एका दिशेनं ढकलते. समुद्र ढकलतो, ओढतो, आणि मध्येच डोक्यावर होडी आपटतो. पहिल्या बुडीत माझ्या डोळ्यांत खारं पाणी गेलं आणि होडीचं बूड टाळूला लागलं. भीती वाटली. वर आले तर समोर जयश्रीचा ओला चेहरा.

"आता थांब... थांब... जा!"

मी गेले. पंखा हाताला लागला. त्याच्याभोवती जाळी इतके वेढे घेऊन बसली होती की तिचा घट्ट दोरखंड झाला होता. एका हातानं आस धरला, दुसऱ्या हातानं सुरी चालवली. दोन पदर सुटले. वर. पुन्हा जयश्रीचं थांब, पुन्हा जा. किती वेळा गेले, आठवत नाही. हरेश हाताला फडकं बांधून पुन्हा उतरला आणि मी दम खात असताना तो कापू लागला. मग तो वर, मी खाली. एकदा डोकं वर काढलं तेव्हा खडकांवरचा लाटेचा आवाज अगदी कानाशी आला. मी तिकडे बघितलंच नाही. पुढच्या बुडीत शेवटचा वेढा सुटला आणि आस माझ्या हातात मोकळा फिरला.

"सुटला!" मी ओरडले.

आम्हाला वर ओढून घेतल्यावर किसनभाऊंनी इंजिन सुरू केलं. पहिल्यांदा नुसतंच खोकलं. दुसऱ्यांदा धरलं. होडीनं नाक वळवलं आणि खडक मागे जाऊ लागले. तेव्हा कुठे मी हातातली सुरी खाली ठेवली. जयश्रीनं मला तिच्या खांद्याशी दाबून धरलं.

कापलेली जाळी पाण्यावर तरंगत होती. हिरवी.

किसनभाऊंना लवकर किनारा गाठायचा होता. पण जयश्री म्हणाली, "सोडू नका ती. आज आपण सुटलो, उद्या दुसऱ्या कुणाच्या पंख्यात जाईल." आकड्यानं ती ओढली. येतच राहिली, येतच राहिली. होडीचा पुढचा भाग भरून गेला. इमारतींना लावतात तीच ती जाळी. आदल्या दिवशी कौतुकानं फोटो काढला होता, तसलीच.

तिच्या घड्यांमध्ये चिंबोऱ्या (खेकडे) अडकल्या होत्या. काही नुसती कवचं, काही जिवंत. एक मोठा बोय मासा कल्ल्यांत धागे रुतून मेला होता, अर्धा कुजलेला. त्याला खायला आलेले छोटे मासेही अडकून मेले होते. कुणी टाकलेलं नव्हतं हे जाळं, कुणी ओढायलाही येणार नव्हतं, पण ते रात्रंदिवस मासे पकडत होतं. जयश्री एकेक जिवंत चिंबोरी सुरीनं सोडवून पाण्यात टाकत होती. जी विकून तिचं घर चालतं, ती.

"त्यातली एखादी ठेव की, पावण्यांसाठी," हरेश म्हणाला.

"आज नाय," ती म्हणाली.

दुपारी हरेशच्या तळव्याला डॉक्टरांनी टाके घातले. गोष्ट इथेच संपली असती. पण जयश्री जेवण झाल्यावर उठली, शेजारच्या दोघी-तिघींना हाक मारली आणि ती जाळी हातगाडीवर चढवली. नाल्याच्या काठाकाठानं आम्ही वर गेलो. थोड्याच अंतरावर एका इमारतीचं काम चाललं होतं. साइटवरचा इंजिनिअर तरुण होता, डोक्यावर पिवळं हेल्मेट. ओल्या, वास मारणाऱ्या गाडीसह आलेल्या बायका बघून तो गडबडला.

"मॅडम, ही आमची कशावरून? अख्ख्या मुंबईत हीच जाळी असते."

"तुझीच हाय असं मी बोलतच नाय," जयश्री म्हणाली. "तुझी फाटली की जाते कुठं, तेवढंच सांग."

त्यानं वर पाहिलं. आम्हीही पाहिलं. नाल्याच्या बाजूला, बऱ्याच वरच्या मजल्यावर जाळीची एक लांब पट्टी सुटून फडफडत होती. दुसरा तुकडा खाली नाल्याच्या भिंतीला अडकला होता आणि त्याचं टोक पाण्यात लोळत होतं.

"उद्या काढायला सांगतो," इंजिनिअर म्हणाला.

"उद्यापर्यंत ओहोटीबरोबर माझ्या दारात येईल. माझ्या दिराचा हात फाटलाय आज. आता काढ."

मी त्याला खाली काय लागलं ते सांगितलं. कसे वेढे बसले होते, होडी कुठे चालली होती. मग त्यानं फोन लावला. दोघे कामगार दोर घेऊन आले, नाल्यातला तुकडा वर ओढला गेला. वरची पट्टीही कापून आत घेतली. आमच्या गाडीवरची जाळीही त्यानं ठेवून घेतली. निघताना तो जयश्रीला म्हणाला, "मावशी, जाळी पाण्यापर्यंत जाते हे खरंच डोक्यात नव्हतं आलं."

"आता आलं ना? बस."

परतीच्या दिवशी सकाळी मी मुद्दाम जयश्रीला घेऊन तिकडून गेले. नाल्याच्या बाजूची जाळी खालून घट्ट बांधली होती, फाटलेल्या जागी नवी लावली होती. मी खूश होऊन जयश्रीला दाखवली. तिनं ती नीट पाहिली, मान हलवली आणि पलीकडे बोट केलं. पुढच्या वळणावर दुसरी इमारत, तिचीही जाळी फाटलेली.

"सोमवारी तिकडे," ती म्हणाली. तिच्या स्वरात थकवा नव्हता. बाजारात बसायच्या जागेवरून भांडायला निघालेल्या बाईची खात्री होती.

सांगलीला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी घाटावर गेले. माझ्या सकाळच्या बॅचच्या बायका जमल्या होत्या. सुरेखा बँकेत असते, तिला सगळं सविस्तर लागतं. समुद्र कसा होता, मासे काय खाल्ले, हे विचारून झालं. मी होडीची, जाळीची हकिगत सांगितली.

"बरं आहे, आपली कृष्णा तिकडे जात नाही," सुरेखा म्हणाली.

"तिकडे नाही जात. पूर्वेला जाते," मी म्हणाले. "तिथेही समुद्रच आहे."

सांगलीतून निघालेलं पाणी कितीतरी गावं, धरणं ओलांडत आंध्रात समुद्राला मिळतं, हे मी शाळेत नकाशावर बोट फिरवून शिकले होते. पण त्या टोकाला कुणी जयश्री असेल, तिचा नवरा आणि दीर जाळं ओढत असतील, असा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. मुंबईचं पाणी बघून नाक मुरडणं सोपं असतं. तिथं घाण आणि किनारा एकमेकांच्या शेजारी आहेत, म्हणून लगेच दिसतं. आपली घाण लांब जाते, एवढाच फरक. आणि मी हेही बघून आले होते की चार बायका हातगाडी घेऊन गेल्या तर त्याच दुपारी नाल्यातली जाळी वर निघते.

घाटाच्या खालच्या पायरीला गेल्या पुरापासून एक साडी गुंडाळून बसली आहे, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पाय लागला की आम्ही वळसा घालून पुढे पोहायचो. मी पिशवीतून सुरी काढली.

"म्हणजे आज पोहायचं नाही?" सुरेखानं विचारलं.

"पोहायचं की. आधी एक बुडी माझ्याबरोबर खाली."

साडी निघाली. तिच्यामागून प्लॅस्टिकची पोती निघाली, फोटोफ्रेमा, हारांचे दोरे, खताची पिशवी निघाली. सुरेखा वर आली की ओरडून सांगायची, "अजून आहे!" आणि पुन्हा खाली जायची. ऊन घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर आलं तेव्हा आमच्यामागे ओल्या कचऱ्याचा मोठा ढीग झाला होता आणि पोहणं कुणाचंच झालं नव्हतं.